सरांचा झाडू आणि ढगातलं पाणी

मी बोलतोय ते एकाच दिशेला तोंड करून. मान वळवायची सोय माझ्यात ठेवलेली नाही, तेव्हा तुमच्याकडे न बघता बोलतो याचा राग मानू नका. मी रडार आहे. विमानं शोधत गोल गोल फिरणारं, सिनेमात दिसतं ते नव्हे. ते माझे चुलत भाऊ. त्यांच्यासमोर गणवेशातली माणसं ताठ उभी राहतात. मी ढगांचं रडार. एका जागी बसायचं, सरळ वर बघायचं आणि डोक्यावरून जो ढग जाईल त्याच्या पोटात काय आहे ते सांगायचं. ऐकणाऱ्याने ऐकलं तर ऐकलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे स्क्रू आवळणारी बाई शेजारणीला आपल्या सासूबद्दल सांगत होती. सगळा दिवस सांगत होती. माणसांचं मी ऐकलेलं पहिलं बोलणं ते. म्हणजे मोठ्या माणसांनी केलेला त्रास लहान माणसं एकमेकांना सांगतात आणि मोठ्यांच्या तोंडावर गप्प बसतात, एवढी माणसांची ओळख मला पॅकिंगच्या आधीच झाली. पुढे त्यात फार भर पडली नाही.

कारखान्यातून निघण्यापूर्वी माझी परीक्षा झाली. फुग्याला एक धातूचा गोळा टांगून वर सोडला आणि मला विचारलं, केवढा आहे? मी बरोबर सांगितलं. मग माझ्यावर पास झाल्याचा शिक्का मारला. पुढे ज्यांच्या हाताखाली मी काम केलं त्यांना असा गोळा कुणी टांगून दाखवल्याचं मला आठवत नाही.

मला एका डोंगराच्या सपाट माथ्यावरच्या संस्थेत आणलं. माझं तोंड छतावर बसवलं आणि डोकं, म्हणजे हिशेब करणारी पेटी, खालच्या खोलीत. त्यामुळे मला ढग दिसतात आणि माणसं ऐकू येतात; ती काय करतात ते मी आवाजावरून ओळखतो. दोन्हींत निवड करायची झाली तर मी ढग निवडेन.

आता माझं काम थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं भांडण कशावरून झालं ते कळणार नाही.

मी वर लहरी सोडतो. ढगातल्या कणांवर आपटून त्यातल्या चिमूटभर परत येतात. मोठ्या कणाकडून जास्त येतात, लहानाकडून कमी. इथेच गोम आहे. कण दुप्पट मोठा झाला की त्याचा आवाज दुप्पट होत नाही, चौसष्ट पट होतो. म्हणजे ढगात बर्फाचे चार गलेलठ्ठ कण असले आणि त्यांच्या आजूबाजूला पाण्याचे लाखो बारीक थेंब असले तरी माझ्या कानावर आदळतो तो बर्फ. थेंब बोलत असतात. पण घरात थोरला काका बोलायला लागला की पोरांचं जे होतं, ते त्यांचं होतं.

तुम्ही म्हणाल, बर्फाच्या ढगात पाणी कुठून आलं? शाळेत शून्याखाली पाणी गोठतं असं शिकवतात. शाळेत बरंच काही शिकवतात. बारीक थेंबाला गोठायला निमित्त लागतं, धुळीचा एखादा योग्य कण वगैरे. ते मिळालं नाही तर उणे दहा, उणे पंधरालाही ते पाणीच राहतं. त्याला अतिशीत पाणी म्हणतात. स्वभावाने शांत असतं, तरंगत बसतं. फक्त त्याला काही टेकलं, की तिथल्या तिथे त्याच्यावर गोठतं. एवढ्या उंचीवर टेकायला येणारी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा विमानाचा पंख.

माझ्याकडे एक दुसरी युक्ती आहे. कोण किती वेगाने खाली पडतंय ते मला कळतं. बर्फाचे कण सावकाश पण नक्की पडतात. थेंब जवळजवळ पडतच नाहीत. त्यामुळे एकाच जागी दोघं असतील तर माझ्या आलेखावर दोन उंचवटे येतात. एक मोठा, बर्फाचा. दुसरा त्याच्या बाजूला, लहान, ओशाळल्यासारखा. तो पाण्याचा. म्हणजे मी पाणी सांगतो. हळू सांगतो, पण सांगतो.

सांगत होतो. मग मध्ये झाडू आला.

संस्थेचे प्रमुख होते त्यांना सगळे मोठे सर म्हणत. लहान सर असे कुणी नव्हते, पण मोठेपणा ठसवायची सवय होती. सर तरुण असताना त्यांनी माझ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. माझ्या चित्रात खूप कचरा यायचा. खाली किडे उडायचे, वर माझ्याच तारांतली सळसळ पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटायची. सरांचा प्रोग्राम दोन गोष्टी करायचा. जे फार हळू बोलतं ते पुसायचा. आणि एका जागी दोन उंचवटे दिसले तर मोठा ठेवून धाकटा काढून टाकायचा. एका जागी एकच गोष्ट असणार, असं त्यामागचं तत्त्व. संशोधन करायला आलेली मुलं त्याला झाडू म्हणत.

सरांवर अन्याय नको म्हणून सांगतो, तेव्हा ते बरोबर होतं. तेव्हाचे कॉम्प्युटर एवढेसे होते, सगळं ठेवायला जागा नव्हती, काहीतरी फेकणं भाग होतं. नंतर जागा झाली, कॉम्प्युटर बदलले, सरांचे चष्मे बदलले. झाडू तोच राहिला. झाडून आलेली चित्रं इतकी सुबक दिसायची की सरांनी त्यांवरून एक नियम काढला. अमुक उंचीच्या वर, अमुक थंडीच्या पलीकडे, इथल्या ढगांत नुसता बर्फ असतो. आधी स्वतःच पाणी पुसायचं, मग पाणी नाही असा शोध लावायचा. त्या शोधाबद्दल त्यांचा सत्कार झाला. फोटो खोलीत लावलाय.

मी सांगतो ते खरं का हे बघायला संस्थेचं एक लहान विमान होतं. ते माझ्या डोक्यावरच्या ढगात शिरायचं आणि पंखाखालच्या यंत्रांनी कण मोजायचं. ते चालवायचा तो कॅप्टन. कॅप्टन हा सरांचा मुलगा. डोंगराखालच्या धावपट्टीवरून उडण्याआधी तो दर वेळी फोनवर एकच प्रश्न विचारायचा, "वर पाणी आहे का?" आणि सर झाडलेल्या चित्राकडे बघून सांगायचे, "नाही. जा."

संस्थेत एक मुलगी संशोधन करत होती. तिला नवी म्हणत. ती येऊन चार वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी आलं नाही, म्हणून नवीच. आणि माझी देखभाल करायला एक तंत्रज्ञ काका होते. कामचुकार. मी त्यांना वाईट म्हणत नाही, त्यांचं ते कौशल्य होतं. एखादा पाना शोधायला निघाले की जेवणाची वेळ होईपर्यंत सापडायचा नाही.

एके दिवशी कॅप्टन ढगात शिरला आणि ठरलेल्या वेळेच्या बराच आधी उतरला. तसाच जॅकेट घालून वर संस्थेत आला.

"काय झालं रे?" सरांनी विचारलं.

"विमान जड झालं."

"जड झालं म्हणजे?"

"म्हणजे जड झालं, बाबा. मी नाक वर धरतोय आणि ते खाली चाललंय. पंखावरचे रबरी पट्टे फुगवले, बर्फ फुटला. लगेच परत बसला. मी फिरलो."

"बर्फाच्या ढगात गेलास, बर्फ दिसणारच."

"कोरडा बर्फ आपटून निघून जातो. हा चिकटत होता. पाणी होतं वर."

"पाणी नव्हतं. हे चित्र बघ."

"मी चित्रात नव्हतो. ढगात होतो."

"उतरलास तेव्हा पंखावर काही होतं?"

खाली ऊन होतं. उतरेपर्यंत सगळं वितळून गेलं होतं.

"आईवर गेलायस तू," सर म्हणाले. "तीही जिना उतरताना कठडा सोडत नाही."

काका हसले. सर विनोद करतात तेव्हा हसायचं, हे त्यांचं दुसरं कौशल्य. कॅप्टन तिशीचा होता, दोन इंजिनांचं विमान डोंगरांच्या मधून उतरवायचा, आणि बापापुढे शाळेतल्या पोरासारखा बुटांकडे बघत उभा राहिला. मग निघून गेला. घरोघरी हे असंच चालत असणार, म्हणूनच त्या खोलीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

नवी कोपऱ्यात बसून ऐकत होती. सगळे गेल्यावर तिने झाडू बंद करून त्या दिवशीचं माझं बोलणं उघडलं. कच्चं, जसं मी बोललो तसं. ते अजून शिल्लक होतं, कारण जुन्या फाइली पुसायचं काम काकांकडे होतं.

आणि तिला ते दिसलं. ढगाच्या माथ्याजवळ एक बारीक फिकट पट्टा. पट्ट्यात कुठेही बोट ठेवलं की दोन उंचवटे. मोठा आणि त्याच्या शेजारी धाकटा. विमान ज्या उंचीवर जड झालं, ती उंची पट्ट्याच्या मधोमध.

तिने आधी काकांना बोलावलं.

"मला कशाला दाखवतेस?" काका म्हणाले. "मला फक्त दिवा हिरवा की लाल एवढं कळतं."

"काका, तुम्ही किती वर्षं आहात इथे."

"म्हणून तर एवढंच कळतं."

"तो पुढच्या वेळी पडला तर?"

"माझी तीन वर्षं राहिलीत," काका म्हणाले, आणि पाना शोधायला गेले.

पुढची वेळ फार लांब नव्हती. बाहेरून एक समिती येणार होती. मोठमोठी माणसं, सगळी सरांच्या वयाची, सगळ्यांना सरांचा नियम तोंडपाठ. त्यांच्यासमोर कॅप्टन ढगाच्या माथ्याजवळ तासभर घिरट्या घालणार, वर नुसता बर्फ आहे हे यंत्रं दाखवणार, आणि संस्थेला नवं विमान मिळणार, असा बेत. एकदा शिरून बाहेर पडायचं आणि तासभर आत फिरत राहायचं यात फरक आहे. त्या ढगाखाली मोकळी हवा नव्हती. डोंगर होते. जड झालेलं विमान खाली आणून बर्फ वितळवायला जागाच नव्हती.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी नवी सरांसमोर उभी राहिली. सर समितीतल्या कोणी कुठल्या खुर्चीवर बसायचं ते ठरवत होते.

"हे कुठून आणलंस?" तिने काढलेलं चित्र बघून सरांनी विचारलं.

"झाडू बंद केला."

"कुणाला विचारून?"

"सर, तुम्ही एकदा बघा. दोन उंचवटे आहेत."

"सळसळ आहे ती."

"सळसळ सगळीकडे सारखी असते. ही फक्त एका उंचीवर आहे. आणि परवा, तेरवा, जेव्हा जेव्हा असा ढग आला तेव्हा आहे. मी मागचं सगळं बघितलं."

"हा प्रोग्राम मी लिहिला तेव्हा तू जन्मलेली तरी होतीस का?"

"नव्हते. पण कॅप्टन उद्या त्याच उंचीवर तासभर राहणार आहे."

सरांनी चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं. "तो माझा मुलगा आहे," ते म्हणाले. "त्याची काळजी कशी करायची ते तू मला शिकवू नकोस. तुझा प्रबंध कधी द्यायचाय? सही मीच करणार आहे ना त्याच्यावर?"

हा शेवटचा प्रश्न त्यांनी अगदी प्रेमाने विचारला. मोठी माणसं धमकी देतात तेव्हा आवाज खाली येतो, हे मी ऐकलंय. ढगांत असं काही नसतं.

मग तिने कॅप्टनला फोन केला. स्पीकरवर होता, म्हणून मला दोन्ही बाजू कळल्या.

"बाबांना दाखवलंस?" त्याने विचारलं.

"दाखवलं. सळसळ म्हणाले."

"मग मी काय करू?"

"उडू नका."

"हे बघ, मी एकदा परत फिरलोय," तो म्हणाला. "पुन्हा नाही म्हटलं तर घरी ताटावर बसता येणार नाही मला. तुला माहीत नाहीत ते घरी कसे असतात."

"इथे असतात तसेच असणार."

तो हसला. "असेल थोडं पाणी. पंखावर रबरी पट्टे आहेत. बघू."

"तासभर?"

"बघू म्हटलं ना."

जिवाला धोका आहे हे कळलेला माणूस बापाच्या टोमण्याला जास्त भितो, हे मला तेव्हा कळलं. कण मोजायला सोपे असतात.

संस्थेत सरांनीच केलेला एक नियम होता. रडार वर बघत नसेल तर विमान उडवायचं नाही. वर काय आहे ते माहीत नसताना माणूस पाठवायचा नाही, असं सर अभिमानाने सांगायचे. माझ्या पेटीवर हिरवा दिवा असला तरच धावपट्टीवर फोन जायचा. इतक्या वर्षांत त्या नियमाने एकही उड्डाण थांबलं नव्हतं, कारण मी कधी बंद पडलो नव्हतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला बंद पडायला कुणी कारण दिलं नव्हतं.

समितीच्या दिवशी ढग आला. ठरल्यासारखा आला, करडा, रुंद, डोंगरभर पसरलेला. मी बघत होतो. माथ्याला तोच पट्टा होता, आणि या वेळी जाड होता. धाकटा उंचवटा इतका वर आला होता की नीट बघितलं असतं तर झाडूलाही कळलं असतं कोण कोण आहे ते. मी सांगत होतो. झाडू झाडत होता. पडद्यावर सुंदर, स्वच्छ, नुसता बर्फ दिसत होता.

बाहेरच्या हॉलमध्ये समिती खुर्च्यांवर बसली होती. सर बोलत होते. नवी माझ्या खोलीत आली. तिने पेटीचं झाकण उघडलं, माझा मुख्य फ्यूज काढला, खिशात घातला, झाकण लावलं.

त्यानंतरचं मला माहीत नाही. मी बंद होतो. पुढचं सांगतोय ते नंतर लोकांनी माझ्या खोलीत बसून एकमेकांना जे सांगितलं त्यावरून. ते इतक्या वेळा सांगितलं गेलं की आता मला पाठ आहे.

दिवा गेला. काकांना बोलावलं. काकांनी झाकण उघडलं, रिकामी जागा बघितली, नवीकडे बघितलं आणि झाकण लावलं. "बघावं लागेल," म्हणाले.

"किती वेळ लागेल?" सर.

"आता बघितल्याशिवाय कसं सांगू?"

फ्यूज नाही म्हटल्यावर दुसरा बसवायचा, मिनिटभराचं काम. काकांच्या ड्रॉवरमध्ये नवेकोरे फ्यूज होते. काका आधी छतावर गेले. मग वायर तपासायला खाली गेले. मग मीटर शोधला. मीटर सापडला तर त्याचा सेल संपलेला. सेल आणायला गेले. काका कामचुकार आहेत हे सगळ्या संस्थेला ठाऊक असल्यामुळे कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. खाली धावपट्टीवर कॅप्टन विमानात पट्टा लावून फोनची वाट बघत होता. समितीतल्या एकाने चहा मागितला, मग दुसऱ्याने, मग एकाला डुलकी लागली. नियम सरांचाच, त्यामुळे सरांना तो मोडता येईना. पाहुण्यांसमोर तर नाहीच.

तासाभराने ढग विरायला लागला. दुपारपर्यंत वर निळं आकाश होतं. तेव्हा काकांना ड्रॉवरमध्ये फ्यूज सापडला. बसवला. मी डोळे उघडले तर वर काही नव्हतं.

समिती गाडीत बसून गेली. नव्या विमानाचं काय ते नंतर कळवू म्हणाली. सर माझ्या खोलीत आले. एवढ्या वर्षांत मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं, आणि ते काकांवर ओरडत होते.

"एक फ्यूज. एक फ्यूज बसवायला तुम्हाला दुपार लागली. कळतंय का माझं काय नुकसान झालं ते? तुमची निवृत्ती कशी होते तेच बघतो मी."

काका खाली बघून उभे होते. सवयीचं होतं त्यांना. पण नवीने खिशातून फ्यूज काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी काढला होता," ती म्हणाली. "त्यांचा काही संबंध नाही."

कॅप्टन नेमका तेव्हाच दारात आला. जॅकेट अंगावर, चेहऱ्यावर सकाळपासून वाट बघितलेल्या माणसाचा वैताग. त्याने टेबलाकडे बघितलं आणि त्याला कळलं.

"काय समजतेस तू स्वतःला?" सर हळू आवाजात म्हणाले. "पाणी होतं म्हणतेस ना? दाखव मला. आत्ता दाखव. तो उडाला असता त्या तासात वर पाणी होतं हे सिद्ध कर."

ती काय दाखवणार? फ्यूज काढेपर्यंतचं माझं बोलणं होतं, आणि त्यात पाणी होतं. पुढच्या तासाचं काहीच नव्हतं. त्या तासात तो पट्टा आणखी जाड झाला असेल. गोठूनही गेला असेल, ढगांचा काही भरवसा नाही. विमान पडलं असतं, किंवा कॅप्टन पट्टे फुगवत, शिव्या देत सुखरूप उतरला असता. एकमेव साक्षीदार मी, आणि मी झोपलो होतो.

"नाही सिद्ध करता येत," ती म्हणाली.

"मी पडलो असतो का?" कॅप्टनने तिला विचारलं.

"माहीत नाही."

मला वाटतं, ती 'हो' म्हणाली असती तर त्याचा विश्वास बसला नसता. तो पुढे आला, खुर्ची ओढली, माझ्या पडद्यासमोर बसला. "त्या दिवशीचं दाखव," म्हणाला. "मी परत फिरलो त्या दिवशीचं. न झाडलेलं."

"त्याची काही गरज नाही," सर म्हणाले.

"मी उडतो, बाबा. गरज आहे की नाही ते मला ठरवू द्या."

आवाज चढवला नव्हता त्याने. तरी काकांनी हातातला मीटर खाली ठेवला. नवीने चित्र उघडलं. फिकट पट्टा आला. कॅप्टनने काचेवर बोट टेकवलं.

"इथे होतो मी. बरोबर इथे."

"सळसळ आहे ती," सर म्हणाले. पण बघत होते.

"माझ्या पंखावर बसली होती ती सळसळ."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पट्ट्याजवळ वाकले. मग नवीला न विचारता त्यांनी स्वतःच मागचा एक दिवस उघडला, कॅप्टनच्या दुसऱ्या एका उड्डाणाचा. तिथेही तो पट्टा होता. आणखी मागचा. तिथेही. प्रत्येक वेळी त्यांनी सांगितलं होतं, "नाही. जा." ते बराच वेळ एकेक दिवस उघडत राहिले.

आता ते काहीतरी म्हणतील, असं मलाही वाटलं. उठून उभे राहिले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा तसा हात उचलला, आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"ही काही पद्धत झाली नाही," ते नवीला म्हणाले, आणि गेले.

महिन्याभरात नवीला संस्थेतून काढलं. यंत्राशी छेडछाड, हे कारण. प्रबंधावर सही झाली नाही. ती सामान न्यायला आली तेव्हा काकांनी तिला चहा दिला, आणि तो त्यांनी स्वतः केला होता, म्हणजे प्रसंग मोठा होता. ती पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही. मी तेव्हा वर बघत होतो. जाणारी माणसं मला दिसत नसत.

कॅप्टनने मात्र एक केलं. फोनवर पाणी आहे का म्हणून विचारायचं त्याने सोडलं. उड्डाणाच्या दिवशी तो डोंगर चढून स्वतः यायचा, झाडू बंद करायचा, माझं कच्चं बोलणं बघायचा, आणि मग ठरवायचा. कधी जायचा, कधी "आज नाही" म्हणून खाली उतरायचा. सर शेजारीच बसलेले असायचे. त्या विषयावर बापलेक कधी बोलले नाहीत. जिन्याच्या कठड्याचा टोमणाही मी पुन्हा ऐकला नाही.

काही वर्षांनी सरांचा एक लेख आला. इथल्या ढगांत अतिशीत पाणी असतं आणि ते दोन उंचवट्यांवरून ओळखता येतं, असा त्यांना शोध लागला होता. दुसरा सत्कार झाला. शेवटी आभार होते, त्यात तांत्रिक साहाय्याबद्दल काकांचं नाव होतं. काका तोवर निवृत्त झाले होते. नवीचं नाव नव्हतं.

आता मी कामावर नाही. माझ्या जागी एक नवं रडार आलंय, दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी सोडतं. पाणी त्यातली एक लहर जास्त खातं, दुसरी कमी, त्यावरून त्याला पाणी किती ते थेट कळतं. हुशार आहे. मला संस्थेच्या व्हरांड्यात ठेवलंय, भिंतीला टेकून, आणि इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा समोर बघतोय. समोर भिंत आहे. भिंतीवर माझ्या जुन्या ढगांची चित्रं लावलीत. त्यात समितीच्या दिवसाचं चित्रही आहे, कारण ढग देखणा होता. आधी करडा ढग, मग मधोमध एक कोरा पांढरा पट्टा, मग निळं आकाश.

शाळेतली मुलं बघायला येतात. कोणीतरी हमखास विचारतं, हे मध्ये पांढरं काय आहे? त्यांना फिरवून दाखवणारा माणूस सांगतो, "तेव्हा यंत्रात बिघाड झाला होता."

तुम्ही कधी आलात आणि तुम्हालाही तसं सांगितलं, तर माझी एवढी विनंती आहे की मान डोलवू नका. मी ठणठणीत होतो. त्या पांढऱ्या जागेत काय होतं ते मी सांगू शकत नाही, दुसरंही कुणी सांगू शकत नाही, आणि ती जागा पांढरी का राहिली हे सांगू शकणाऱ्या एकीला तुम्ही कधी भेटणार नाही.

कॅप्टन मात्र येतो अधूनमधून. विमान सोडलंय त्याने. व्हरांड्यात माझ्या शेजारी उभा राहतो, त्या चित्रासमोर, खिशात हात घालून. टक्कल पडलंय त्याला, पोट सुटलंय, जिना चढताना धाप लागते. आणि उतरताना कठडा धरतो.